ओठ नका हलवू

मुखरू : मंग झालं ना! सगळे शब्द बरोबर. आयकलं का व धुरपता? मशीनच म्हणून राह्यली, मुखरूचं डोकं ठिकाणावर हाय. ऊठ आता. वडसाची जीप भरली असन, आज तालीम हाय.

शाजिया : बसा, मुखरूभाऊ. मशीननं अजून काही म्हटलं नाही. आठवणीच्या तपासणीतले शब्द सगळे आले, एवढंच मी सांगितलं.

मुखरू : बरोबर ते बरोबर. त्याच्यात अजून काय पाह्याचं असते?

शाजिया : वेळ. हा कॉम्प्युटर नुसतं चूक-बरोबर मोजत नाही. उत्तर यायला किती वेळ लागला, तेही टिपून ठेवतो. ह्या रेघा बघा. चित्रांच्या खेळात मासा दिसला की तुम्ही पटकन बोट ठेवलं. कधी लवकर, कधी उशिरा, जसं कोणाचंही होतं. शब्द सांगताना मात्र प्रत्येक शब्दाआधी तुम्ही थांबले. आणि सगळीकडे सारखेच थांबले. आठवणारा माणूस असा थांबत नाही, भाऊ. त्याचे दोन-तीन शब्द धावत येतात, मग गाडी अडते.

मुखरू : ते टायमिंग हाय, मॅडम! अवघी झाडीपट्टी नाटकात पाह्यते माहं टायमिंग. "थांब, प्रधाना!" म्हणलं का मंग थांबाचं. पब्लिकचा श्वास अडकू द्याचा. मंग दुसरा शब्द.

शाजिया : आणि दर वेळी तुमची नजर डावीकडे गेली. तिकडे धुरपताबाई बसल्या आहेत.

धुरपता : म्या एक शब्द बोलली नाई हो.

शाजिया : बोलल्या नाही. ओठ हलवत होत्या.

धुरपता : सुपारी होती तोंडात.

शाजिया : सुपारी चघळताना 'भोपळा' असे ओठ होतात का, बाई?

मुखरू : पकडली! पकडली व तुले! इतके वर्ष खड्ड्यात बसली, कोणाच्या बापाले दिसली नाई, अन् इथी या पोरीनं पकडली!

शाजिया : कोणत्या खड्ड्यात?

मुखरू : स्टेजच्या पुढे खड्डा नाई का राह्यत? पेटीवाला, तबलावाला बसते तिथी. त्याहीच्या बाजूले ही बसते, प्रॉम्प्टर. आमच्या नाटक कंपनीचा जुना प्रॉम्प्टर एका मंडईले, जत्रेतल्या प्रयोगाले, आलाच नाई, तवा ही उतरली. तवापासून वर मी, खाली ही. मी राजा, तं ही खालून राजाची जीभ.

धुरपता : सवय हाय, मॅडम. याहीचा आवाज थांबला का माहे ओठ आपसूक चालू होते. भाताच्या चुलीपाशीबी होते. मुद्दाम नाई केलं.

शाजिया : कळलं. चूक माझीही आहे. भाऊंना हेडफोन टोचतो म्हणाले, म्हणून मी स्पीकर लावला आणि शब्द तुम्हीही ऐकले. पण ही तपासणी एकट्या माणसाची असते. पुन्हा घ्यावी लागेल, आणि तुम्हाला बाहेर बसावं लागेल.

धुरपता : बाहेर काऊन? म्या तोंडावर पदर धरून बसते.

मुखरू : पुन्हा कायले? कंपनीच्या मालकानं, डोमाभाऊनं सांगलं, डॉक्टरचं बोलणं आणा का डोकं ठीक हाय, मंगच यंदाचा राजा तुम्ही. परवा शुक्रवारी आमच्याच गावी, सावलीले पयला प्रयोग हाय. पोस्टरं लागले. आता तुम्ही पुन्हा-पुन्हा करत बसान तं मी तालमीले कवा जाऊ?

शाजिया : डोमाभाऊंना अचानक शंका का आली?

मुखरू : अजी, होळीच्या बखताले जरासं झालं. मी पोरीचा बाप होतो. लग्नाचा सीन. मंगलाष्टकं झाले अन् म्या दुसऱ्या नाटकातला डायलॉग फेकला.

धुरपता : डाकूचा.

मुखरू : डाकूचा. "या वाड्यातून एकबी जिता जाणार नाई!"

धुरपता : नवरदेव खरंच पयाला.

शाजिया : मी लहान असताना तुमचा डाकू पाहिलाय, भाऊ. माझे अब्बा नईम मंडपवाले. लाइट त्यांचेच असायचे. मी बल्बांच्या खोक्यावर बसून रडले होते.

मुखरू : नईमभाईची पोरगी तू! मंग इतका वेळ परक्यावानी 'मॅडम' म्हणाले लावलं! घरचं काम झालं हे. लाव ना बेटा, पास करून टाक.

शाजिया : घरचं आहे म्हणून तर नाही लावणार. आणि मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट आहे. डॉक्टर दुपारी नागपूरहून येतील. मी जे दाखवीन त्यावर ते विचार करतील. खोटं दाखवलं तर औषधही खोट्यालाच मिळेल. बाई, बाहेर बाकडं आहे. पंखाही आहे.

धुरपता : जी, चष्मा लावा. आवाज लहान वाटला तं सांगजा. अन् घाई नोका करू.

मुखरू : जा व. लहान पोट्टा नोहो मी.

(धुरपता बाहेर जाते. दार लागतं.)

शाजिया : हे शब्द नवे आहेत. कॉम्प्युटर दर वेळी वेगळे देतो. सगळे ऐका, मग जेवढे आठवतील तेवढे सांगा. क्रम पाहिजे असं नाही. आवाज येतोय ना नीट?

मुखरू : येते. दार कायले लावलं पण?

शाजिया : बाहेरचा गोंगाट नको म्हणून. लावू?

मुखरू : लाव... हं... हं... झालं? इतकेच? सोपं हाय. कंदील. नांगर. मावशी. अन्...

शाजिया : सावकाश.

मुखरू : अन् तलवार. सिंहासन. रक्त!

शाजिया : अजून काही?

मुखरू : किती पायजे? अजून देतो. खजिना. प्रधान.

शाजिया : भाऊ, तलवार यात नव्हती. सिंहासनही नव्हतं.

मुखरू : नोहतं?

शाजिया : नाही.

मुखरू : मंग भरलं असन म्या. आमच्या धंद्यात रिकामी जागा ठेवत नाई, बेटा. शब्द पडला तं दुसरा उभा कराचा. थांबला तो मेला. पब्लिक मूंगफली फेकून मारते.

शाजिया : इथे थांबलं तरी चालतं. कॉम्प्युटर मूंगफली फेकत नाही.

मुखरू : पण मोजते ना. हे भरलेलेबी मोजते का?

शाजिया : मोजतो. वेगळे मोजतो.

मुखरू : बेइमान हाय.

शाजिया : आता थोडं चित्रांचं पुन्हा करू. मासा आला तर बोट ठेवायचं, बेडूक आला तर नाही ठेवायचं. आधी सरावाचं आहे, त्याचे मार्क नाहीत. हं, असं. ...छान. बोट अलगद ठेवा, दाबायला नको. ...झालं. आता आकड्यांचं. जे आकडे दिसतील ते उलटे सांगा. ...हो. ...चालेल. ...पाणी देऊ?

मुखरू : पाणी नको. तू घड्याळ काऊन पाह्यतं सारखी?

शाजिया : मधे काही वेळ जाऊ द्यायचा असतो. गेला आता. भाऊ, मघाशी ऐकलेले शब्द पुन्हा सांगा बरं.

मुखरू : कोणते शब्द?

शाजिया : मघाशी स्पीकरवर ऐकले ते.

मुखरू : आता तं मासा-बेडूक पाह्यले म्या.

शाजिया : त्याच्या आधी.

मुखरू : त्याच्या आधी धुरपता होती इथी.

शाजिया : ती गेल्यावर. बरं, एक सांगते, पहिला शब्द अंधारात लागणारी वस्तू होती.

मुखरू : ...मजाक करून राह्यलो ना. समजत नाई का तुले? आठवते मले. सांगतो. पंखा बंद कर पयले, त्याची कटकट डोक्यात शिरते... दार उघड ना जरा.

शाजिया : राहू द्या. झालं आपलं. उठू नका, बसा.

मुखरू : नाई झालं! माह्या मायची ओवी आयक, मंग सांग मले विसर पडला का नाई. मी चड्डीत होतो तवाची हाय.

मोहाच्या झाडाखाली पाहाट सांडली,
सई माही वेचाले गेली, परडी मांडली.
परडी भरली बाई, सई नाई आली,
रानाच्या पोटामंधी हाक हरवली.

एक अक्षर पडलं का? सांग! एक काना-मात्रा?

शाजिया : नाही पडलं. फार सुंदर म्हटलं तुम्ही.

मुखरू : मंग?

शाजिया : जुनं खोल रुजलेलं असतं, भाऊ. ते लवकर हलत नाही. नवं रुजतंय की नाही, तेवढंच मी पाहत होते.

मुखरू : अन् नाई रुजून राह्यलं.

शाजिया : आज नाही रुजलं. का, ते डॉक्टर शोधतील. कधी रक्तात काही कमी असतं, कधी झोप नसते, कधी कान मंद झालेले असतात. आणि कधी... दुसरंही असतं.

मुखरू : दार लागलेलं हाय ना?

शाजिया : हो.

मुखरू : तं एक आयक. धुरपताले नोको सांगू. श्रावणात सावलीच्या स्टॅण्डवर उतरलो. रोजची जागा. रसवंती, सायकलवाला, पिंपळाचा पार, सगळं ओयखीचं. पण घराकडे कोणती वाट जाते, तेच नाई लागे. जसा सेट बदलला अन् मले कोणी सांगलंच नाई. किती बखत उभा राह्यलो मालूम नाई. मंग हे आली शोधत. म्या म्हणलो, पब्लिकनं घेरलं होतं, सोडेच ना.

शाजिया : त्यांनी मानलं?

मुखरू : मानलं. हासली पण. माही अॅक्टिंग अजून चांगली हाय.

शाजिया : भाऊ, शेजारच्या खोलीत रक्त घेतात. सुई लहान असते. जाऊन या, तोवर मी बाईंना आत बोलावते.

मुखरू : ते सावलीचं...

शाजिया : डॉक्टरांना सांगावं लागेल. बाईंना तुम्हीच सांगा, तुम्हाला वाटेल तेव्हा.

(मुखरू जातो. धुरपता आत येते.)

धुरपता : काय झालं, मॅडम? गाणं काऊन म्हणत होते? अन् चेहरा कसा घेऊन गेले! रागावलं का तुम्ही त्याहीले?

शाजिया : नाही हो. बसा.

धुरपता : बसवत नाई. सांगा.

शाजिया : एकट्यानं कमी जमलं त्यांना. चित्रांचं ठीक आहे, हात-डोळा चांगला आहे. ऐकलेलं राहत नाही. थोड्या वेळानं तर आपण काही ऐकलं होतं, हेही राहिलं नव्हतं.

धुरपता : तुमची मशीन शहरातल्या लोकायची असन. आमच्या माणसानं कवा कॉम्प्युटर पाह्यला?

शाजिया : ही शंका बरोबर आहे. म्हणूनच आधी सराव घेतला, म्हणूनच शब्द घरातले, शेतातले दिले. आणि म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यावर आम्ही शिक्का मारत नाही. रक्त पाहू, कान पाहू, तीन महिन्यांनी पुन्हा अशीच तपासणी घेऊ. पण बाई, मला मशीनपेक्षा तुमच्याकडून कळेल. घरी कसं आहे?

धुरपता : ठीक हाय.

शाजिया : बाई.

धुरपता : ...पयले मी नुसतं पयलं अक्षर देत होती. 'थां' म्हणलं का त्याहीचं "थांब, प्रधाना" पूर्ण होऊन जाय. मंग अवघा शब्द लागू लागला. मागच्या वर्षी वाक्य. होळीच्या बखताले मी वाक्य देऊन राह्यली अन् ते माह्याकडे असे पाहेत, जशी कोण्या दुसऱ्याच गावची बाई खड्ड्यात बसली.

शाजिया : आणि घरात?

धुरपता : घरात सोपं हाय. दारात कोणी आलं का मीच जोऱ्यानं म्हणते, "ये व ललिता, बस व ललिता." मंग हे म्हणते, "काय ललिता, कशी हाय?" ललिता खूश. जेवण झालं का मी म्हणते, "आज वांग्याची भाजी मस्त खाल्ली जी तुम्ही." म्हणजे पुन्हा ताट नाई मांगत. कोणाले समजत नाई.

शाजिया : आणि एकटे बाहेर गेले तर?

धुरपता : सावलीचं सांगलं त्याहीनं?

शाजिया : तुम्हाला काय सांगितलं?

धुरपता : पब्लिकनं घेरलं म्हणे. कुठची पब्लिक! मी रसवंतीच्या मांगून पाहून राह्यली होती. भर पाण्यात एकटे उभे होते, अन् छत्री मिटून काखेत. मले वाटलं, आता ओयखतीन वाट, मंग ओयखतीन. मी गेलीच नाई लवकर. मंग नाई राहवलं. त्याहीले नोका सांगू मले ठाऊक हाय म्हणून. लय मानी माणूस हाय.

शाजिया : दोघंही मला एकमेकांपासून लपवायला सांगता.

धुरपता : ...त्याहीनंबी सांगलं?

शाजिया : बाई, इतकं सगळं तुम्ही झाकून घेतलं, म्हणून ते इतके दिवस चालले. पण त्यामुळेच त्यांना इथे यायला उशीरही झाला.

धुरपता : एक इचारू? तुमची मशीन दोघाले मिळून मोजते का? वर ते, खाली मी. असं धरून?

शाजिया : नाही. एकट्यालाच मोजते.

धुरपता : पण नाटक एकटा कोण करते?

शाजिया : नाटक नाही करत. पण सावलीच्या स्टॅण्डवर एकटे होते.

धुरपता : ...हो.

शाजिया : तुम्ही आजारी पडल्या, माहेरी गेल्या, नुसत्या झोपल्या तरी ते एकटेच. मला त्याची भीती वाटते. शुक्रवारच्या राजाची नाही.

मुखरू : काय कुजबुज चालू हाय? रक्त दिलं म्या. सुई टोचली तं "हाय, दगा!" म्हणलो. नर्स हासून हासून लोळली.

धुरपता : कापूस दाबून धरा जी. बसा.

मुखरू : बसलो. बेटा, खरं सांग आता. किती आले?

शाजिया : पहिल्यांदा तीन. नंतर एकही नाही.

मुखरू : अन् भरलेले?

शाजिया : पाच.

मुखरू : म्हणजे माह्यापाशी खऱ्यापेक्षा खोटा माल जास्त. नटाले शोभते.

धुरपता : हासू नोका.

मुखरू : तू काऊन रडून राह्यली? काय सांगलं हिनं तुले?

धुरपता : काई नाई. सुपारी कडू निंघाली.

मुखरू : धुरपता. सावलीले पब्लिक नोहती.

धुरपता : ...मालूम हाय जी.

मुखरू : कवापासून?

धुरपता : तवापासूनच. रसवंतीच्या मांगे होती मी.

मुखरू : अन् हासली तू! "वा जी, अजून तुमचे इतके चाहते" म्हणलं! मले वाटलं, सीन जमला.

धुरपता : जमलाच होता.

शाजिया : डॉक्टर आल्यावर दोघं मिळून बसू. औषधाचं, रोजच्या दिवसाचं, बाहेर जायचं ते ठरवू. आज लगेच काही ठरवायची घाई नाही.

मुखरू : शुक्रवार काई तुह्या डॉक्टरची वाट नाई पाह्यत, पोरी. फोन कुठी हाय?

धुरपता : कायले?

मुखरू : डोमाले सांगाचं हाय.

धुरपता : सांगा, घसा बसला. नाई तं बीपी वाढला म्हणा. डॉक्टरनं आराम सांगलाय, एवढंच म्हणा. अन् तसं नाई तं काईच नोका सांगू, मी जाते ना तुमच्यासंगं, मी वाक्य अजून जोऱ्यानं देईन. पब्लिकले आयकू आलं तं आलं.

मुखरू : तुले समजत नाई का व? माह्या वाक्यावर त्या दिव्या पोरीची एन्ट्री हाय. "माझी लेक कुठे आहे?" म्हणलं का ते पोट्टी धावत येते. मी नाई म्हणलं तं ते विंगेतच उभी राह्यन. घुंगरं बांधून, तोंडाले रंग लावून, माह्या तोंडाकडे पाह्यत. नवी पोरगी हाय, पयलाच सिझन हाय तिचा. तिले खड्ड्यातून कोण सांगन का राजा कुठी गेला? आण इकडे फोन.

धुरपता : शाजियाबाई, समजवा ना याहीले.

शाजिया : मी काय समजावू, बाई? हे त्यांचं आहे.

मुखरू : लावला का? दे... हॅलो, डोमाभाऊ? मुखरू बोलून राह्यलो. हो, ब्रह्मपुरीलेच हाय. तपासलं... शुक्रवारचा राजा दुसऱ्या कोणाले द्या, भाऊ. नाई, घसा चांगला हाय. मानधनाचंबी काई नाई. मले शब्द राह्यत नाई आता. आत ठेवतो अन् घ्याले गेलो तं तिथी काईच नसते... नाई गा, कोण्या नाटकातलं नाई हे. आयक तं... हॅलो?... हॅलो?

धुरपता : काय म्हणला जी?

मुखरू : हासला. म्हणे, वा मुखरूभाऊ, काय डायलॉग हाय, शुक्रवारी असाच आवाज पायजे. अन् ठेवला.

धुरपता : आणा इकडे. मी सांगते त्याले.

मुखरू : नोको. तू नंबर तेवढा लावून दे. बोलतो मीच.